गॅरेजमधला समुद्र

वसुधा, तुमचं गॅरेज आता रिकामं झालंय, तरी प्रकाश गाडी बाहेरच लावतो. आज सकाळी मी समोरच्या खिडकीतून पाहिलं. बर्फ पडला होता आणि तुझा नवरा कानटोपी घालून गाडीची काच खरवडत उभा होता. पूर्वी हे काम करताना तो एवढ्या मोठ्यानं कुरकुरायचा की आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. "लोकांच्या गॅरेजमध्ये गाड्या असतात, आमच्या गॅरेजमध्ये किल्ला!" आता कुरकुरत नाही. मुकाट्यानं खरवडतो, हात झटकतो आणि ऑफिसला जातो. ती कुरकुर परत ऐकायला मिळाली तर मला फार बरं वाटेल.

तुला जाऊन महिना होत आला. तुझं शिक्षण, नोकरी, मंडळासाठी केलेलं काम हे सगळं मंडळाच्या व्हॉट्सॲपवर फोटोसकट येऊन गेलं. फोटो तुला न आवडणारा, हिरव्या साडीतला. त्यातलं काही मी इथे लिहिणार नाही. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, ते मला पुरं करायचं आहे.

तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्या कुणालाही वाटेल की अमेरिकेत, पार्सिपनीतल्या गॅरेजमध्ये किल्ला कुठून आला. तर तू पुण्याची. दिवाळी म्हटली की तुझ्यासाठी आधी माती आणि मग फराळ. इथे अंगण नव्हतं म्हणून तू गॅरेज धरलंस. पहिल्या वर्षी दुकानातून कुंड्यांत घालायच्या मातीच्या पिशव्या आणल्यास आणि तुझा राजगड दोन दिवसांत खाली बसला, कारण त्या पिशव्यांत माती नावालाच, बाकी सगळा भुसा. मग पलीकडे रस्त्याचं खोदकाम चाललं होतं, तिथल्या माणसाला विचारून तू बादल्या भरभरून लाल माती आणलीस. त्यानं विचारलं, "व्हॉट आर यू बिल्डिंग?" तू म्हणालीस, "अ फोर्ट." त्यानं पुढचं काही विचारलं नाही. उलट दोन बादल्या स्वतः गाडीत ठेवून दिल्या.

मी नागपूरची. आमच्या घरी दिवाळीत किल्ला कधी कुणी केला नव्हता आणि डोंगर चढायची मला हौसही नव्हती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पाहिलं तरी मला गरगरतं. तू मला 'सपाट प्रदेशातली' म्हणायचीस. मग एका वर्षी माझी आई गेली. तेव्हा आमचे ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले होते, देश सोडला असता तर परत येण्याची खात्री नव्हती. सगळं व्हिडिओवर पाहिलं. तू त्या संध्याकाळी आलीस, ओट्यापाशी उभी राहून पिठलं-भात केलास आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिलीस. पुढे दिवाळी आली. मी म्हटलं, यंदा आमच्याकडे काही नाही. तू म्हणालीस, "फराळ करू नकोस, कंदील लावू नकोस. पण मातीला कसलं आलंय सुतक? चल." आणि मला गॅरेजमध्ये नेऊन बादलीपुढे बसवलंस. त्या दुपारी मी चिखल मळत बसले आणि मळता मळता, आई गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं रडले. तू आपली तटबंदी थापत राहिलीस. जरा वेळानं म्हणालीस, "पाणी पुरे आता, पातळ होतंय." मला एकदम हसू आलं. तुलाही.

इथे कुणी दार धरून उभं राहिलं तरी थँक्यू म्हणायची पद्धत आहे. त्या चिखलाबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आज म्हणते. उशीर झालाय हे कळतंय मला.

वेल्समधल्या त्या किल्ल्याचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते तुझ्या ऑफिसातल्या वेल्श बाईमुळे. तिनं तिच्या माहेरच्या बाजूचा फोटो दाखवला. उभा कडा, त्यावर राखाडी दगडाचा चार बुरुजांचा किल्ला आणि कड्याच्या पोटातून खाली उतरणाऱ्या पायऱ्या. तू तो फोटो घेऊन थेट माझ्याकडे आलीस. मी नाव वाचलं, "हार्लेच." तू कपाळाला हात लावलास. "हार्लेच नाही गं, हार्लेख. तिनं कौतुकानं माझ्याकडून दहादा म्हणवून घेतलं. म्हणाली, इंग्रजांना जमत नाही, तुला पहिल्या फटक्यात जमलं." त्या दिवसापासून तुला वेल्श लोक आपल्यातलेच वाटायला लागले.

मग आपला बेत सुरू झाला. आधी व्हिसा, मग ग्रीन कार्ड, मग तुझ्या रियाचं कॉलेज, मग तुझा गुडघा. दरवर्षी घोडं कुठेतरी अडायचं. डॉक्टरनं गुडघ्याचं ऑपरेशन सुचवलं तर तू त्याला मराठीतच म्हणालीस, "आधी लगीन कोंढाण्याचं," आणि तो बिचारा प्रकाशकडे बघत राहिला. दोन्ही नवऱ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की आम्हाला पावसात दगड बघायला यायचं नाही. म्हणजे जायचं आपण दोघींनीच. रविवारी सकाळी तुझ्या स्वयंपाकघरात बसून आपण रस्ते बघायचो. तू म्हणायचीस गाडी भाड्यानं घेऊ, तिकडे डावीकडून चालवायची असते, मी पुण्यात शिकलेय, मला काय त्याचं. मी म्हणायचे, तू पुण्यात शिकलीस हीच तर भीती आहे. डिंकाचे लाडू न्यायचे की मेतकूट यावर सुद्धा आपण एक अख्खा रविवार घालवला होता.

शेवटी येत्या मे महिन्याची तिकिटं निघाली आणि तू हट्टाला पेटलीस. यंदा दिवाळीला गॅरेजमध्ये रायगड नाही, प्रतापगड नाही, हार्लेखच. फोटो, नकाशे सगळं भिंतीला चिकटवलंस. बाहेरची बुटकी तटबंदी, आतली उंच तटबंदी, दोन बुरुजांमधला मोठा दरवाजा, सगळं मापानं. बुरुजांसाठी ओट्सचे डबे आत घातलेस. उतारावर मोहरी पेरलीस आणि थंडीत ती उगवावी म्हणून वर दिवा टांगलास. आणि नेहमीप्रमाणे, पेटाऱ्यातून काढून, सगळ्यांत उंच जागी महाराजांना बसवलंस.

फराळाला मंडळातले एक काका आले होते. त्यांनी किल्ला पाहिला, माहिती ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला. "अहो वसुधाताई, हा तर इंग्रज राजानं वेल्श लोकांना दाबायला बांधलेला किल्ला. त्यावर आपले महाराज? परक्याच्या गडावर?"

तू त्यांच्या ताटलीत चकली वाढत म्हणालीस, "काका, जिंकून घेतलाय."

सगळे हसले. नंतर तू त्यांना नीट समजावलंस की वेल्श लोकांनीही तो एकदा जिंकून घेतला होता आणि काही वर्षं राखला होता. बांधला कुणी यापेक्षा पुढे तिथे कोण राहिलं, कोण झगडलं, ते बघायचं. काका म्हणाले, "तेही खरंच." चकली मात्र दुसरी घेतली नाही त्यांनी.

माझ्या भीतीसाठी तू काय केलं होतंस ते त्या दिवशी कुणाला कळलं नाही. पेटाऱ्यातली डोक्यावर घडा घेतलेली गवळण म्हणजे मी आणि तलवार मोडलेला मावळा म्हणजे तू. मी चिडले होते. "मी गवळण काहून गं?" तू म्हणालीस, "तोल सांभाळून चालते ती. तुला शिकायला बरी." मग दर रविवारी त्या दोघांना हातात धरून तू मला सगळा किल्ला फिरवायचीस. इथून आत शिरायचं. इथे जिना गोल आहे, तू भिंतीच्या बाजूनं. तटावर तू यायचं नाहीस, मी जाऊन येईन. आणि या समुद्राकडच्या पायऱ्या. त्या सगळ्या उतरणं तुला झेपणार नाही, तर मध्यावर बस, मी खाली जाऊन तुला हात करेन. गवळण पायऱ्यांच्या मध्यावर बसली आणि मावळा तळाशी उभा राहिला. ते दोघं तसेच राहिले. एवढा विचार माझ्यासाठी फार कमी लोकांनी केला आहे.

आणि पायऱ्यांच्या तळाशी तू समुद्र केलास. निळी रांगोळी, वर पांढऱ्या लाटा, एक कागदी गलबत. इथेच आपलं वाजलं. मी नकाशा बघितला होता. कड्याखाली आज समुद्र नाहीच. तिथे रेल्वे स्टेशन आहे, गोल्फचं मैदान आहे, वाळूच्या टेकड्या आहेत आणि समुद्र पार त्यांच्या पलीकडे. कित्येक शतकांपूर्वीच तो मागे सरकला. मी म्हटलं, "वसुधा, तू खोटा किल्ला केलास."

"तो बांधला तेव्हाचा केलाय मी," तू म्हणालीस.

"आपण आजच्या किल्ल्यावर जाणार आहोत. तिथे जाऊन समुद्र शोधत बसशील."

"शैले, मग या पायऱ्या कुठे जातात ते सांग. वेढा पडला तेव्हा याच पायऱ्यांनी दाणागोटा वर आला, माणसं जगली. समुद्र काढून टाकला तर त्या पायऱ्यांना अर्थ काय राहिला?"

"अर्थ नाही राहिला तर नाही राहिला. जे आहे ते आहे."

असं आपण दिवाळीपासून भांडत होतो. तुळशीचं लग्न झालं, तू किल्ला मोडला नाहीस. ख्रिसमस झाला, नाही मोडलास. प्रकाशनं बर्फ दाखवला, गाडी दाखवली. तू म्हणालीस, "जाऊन आल्यावर मोडू. रस्ता बघायचा बाकी असताना नकाशा फाडतं का कुणी?" मोहरी वाढून पिवळी पडली तरी तू रोज तिच्यावर पाणी शिंपडत होतीस. आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तू म्हणालीस की पायऱ्या थेट खालपर्यंत उतरू देतात की मध्ये दाराला कुलूप असतं, ते तिथल्या लोकांना विचारायचंय. मी म्हटलं, विचार, आणि समुद्र कुठे गेला तेही विचार. तू हसलीस. "समुद्र आहे तिथेच राहणार. तू हरलीस की सांग." आणि ठेवलास फोन.

त्याच आठवड्यात तू ऑफिसातून आलीस, चहा टाकलास आणि तो उतू गेला. प्रकाश वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता. जळका वास आला म्हणून तो खाली आला. पुढचं तुला सांगण्यासारखं काही नाही. मी धावत आले तेव्हा गॅरेजचा दिवा चालू होता, मोहरीवरचा.

मला तुझा रागही येतो, वसुधा. गुडघ्याची काळजी केलीस, माझ्या गरगरण्याची केलीस आणि छातीत भरून येतं ते कुणाला सांगितलं नाहीस. प्रकाशला म्हणे एकदा म्हणाली होतीस, मे झाला की डॉक्टरला दाखवू. तुझं ते लगीन कोंढाण्याचं! मला तुला गदागदा हलवावंसं वाटतं.

सगळं झाल्यावर प्रकाश मला म्हणाला, "शैला, तिकिटांचं काय ते तू बघ. मला ते बघवत नाही यार." मी म्हटलं, कॅन्सल करते. खरंच करणार होते. मला किल्ल्यांची आवड नाही, पावसाची नाही, उंचावर जायची तर नाहीच नाही. मी येणार होते ती तुझ्यासाठी, आणि तू नाहीस तर मी तिथे जाऊन कुणाशी भांडू? रिया बॉस्टनहून आलेली होती. तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मावशी, डोंट. नॉट येट." म्हणून ते बटण दाबायचं राहिलं.

मग गेल्या आठवड्यात प्रकाश गाडीपाशी बर्फावरून घसरला. मनगट मुरगळलं, जास्त काही नाही. पण रियानं ऐकलं नाही. "डॅड, द कार गोज इन. आय ॲम सॉरी, बट इट गोज इन." तिघंही गॅरेजमध्ये जाऊन उभे राहिलो. कुणीच पुढे होईना. "लहानपणी दिवाळी संपली की आम्ही फटाके लावून किल्ला उडवायचो," प्रकाश म्हणाला. शेवटी मीच खाली बसले. किल्ल्याशी कसलंही देणंघेणं नसलेली बाई तिथे मीच होते.

महाराजांना रियानं उचललं, दोन्ही हातांनी, तू शिकवलं होतंस तसं. मग तिनं पायऱ्यांवरचे ते दोघं पाहिले. "मावशी, हू आर दीज टू?"

"ती मी. हा तुझी आई."

"अँड व्हाय आर यू सिटिंग?"

"मला भीती वाटते म्हणून. ती खाली जाऊन हात करणार होती."

रियानं मावळा उचलला. मग तो पुसला आणि स्वेटरच्या खिशात ठेवला. गवळण माझ्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते, माझेही. प्रकाश बादली आणायच्या निमित्तानं बाहेर गेला.

माती आम्ही घरामागच्या वाफ्यात घातली. बुरुजांतून ओट्सचे डबे निघाले, तेव्हा मात्र तिघंही हसलो, कारण घरातले ओट्सचे डबे कुठे जातात म्हणून प्रकाश दिवाळीपासून ओरडत होता. शेवटी उरला समुद्र. रिया झाडू घेऊन आली. रांगोळी निघाली, सुपलीत भरली, पण खालची जमीन निळीच राहिली. तू मोहरीवर शिंपडलेलं पाणी एवढे दिवस ओघळून रांगोळीत जात होतं आणि रंग काँक्रीटमध्ये मुरला होता. रियानं साबण लावून ब्रश मारला. मी गरम पाणी ओतलं. रेघसुद्धा हलली नाही. प्रकाश दारात उभा होता, तो म्हणाला, "राहू दे. ऐकणार नाही तो."

आणि मी त्या ओल्या जमिनीवर बसून हसायला लागले, वसुधा. रियाला वाटलं मी रडतेय. तिकडे किल्ला उभा आहे आणि समुद्र निघून गेलाय. इथे किल्ला आम्ही आमच्या हातांनी काढला आणि तुझा समुद्र मात्र हटायला तयार नाही. मरूनही माणसानं एवढा हट्टी असावं?

प्रकाशनं त्या दिवशी गाडी आत आणली नाही, त्यानंतरही नाही. आता त्या निळ्यावर टायर नेववत नाही त्याला. रियानं त्याला बर्फावर टाकायचं मीठ आणि चांगले बूट आणून दिलेत आणि विषय सोडून दिलाय.

मे महिन्यात आम्ही जातोय, रिया आणि मी. तुझ्या जागी तिचं नाव घालताना मला जड गेलं, पण घातलं. डावीकडून गाडी चालवायची हिंमत दोघींत नाही, म्हणून रेल्वेनं जाणार. स्टेशन बरोबर त्या कड्याखाली आहे, म्हणजे तुझ्या नकाशाप्रमाणे आम्ही भर समुद्रात उतरू. डिंकाचे लाडू मी करणार आहे, मेतकूटही घेणार आहे, म्हणजे तो वाद तरी मिटला. मावळा रियाच्या खिशात असेल.

मध्यावर बसायचं ठरलं होतं, ते मी रद्द केलंय. खालच्या दाराला कुलूप असेल तर त्या कुलपापर्यंत, नसेल तर शेवटच्या पायरीपर्यंत, रियाचा हात धरून, लागलंच तर डोळे मिटून, पण उतरणार. खाली गोल्फ खेळणारी माणसं असतील, एखादी गाडी जात असेल. त्यांच्याकडे बघत, चारचौघांत, मोठ्यानं सांगणार आहे मी तुला. हरले गं. समुद्र इथेच आहे.